नाचायला ठेवलेली वेळ

कोल्हापूर,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आक्काताईस,

सप्रेम जय भीम.

तुझ्या शिवानीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. छान छापलीय. तुझी कंबर आता कशी आहे? लग्नाच्या धावपळीत औषध विसरू नकोस. इकडं थंडी पडायला लागलीय. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून संपले. मी बरी आहे.

हळदीच्या संध्याकाळी 'मावशी-काकांचा कपल डान्स' म्हणून वेळ ठेवलीय, असं शिवानीनं लिहिलंय. तू फोनवर त्याचं विचारतेस तेव्हा दर वेळी मी कुकर लावलाय म्हणून फोन ठेवते. आक्का, ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी दे. आमचं जमणार नाही. हल्ली हे घरातच असतात, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही राजारामपुरीत डान्सच्या क्लासला जायला लागलो तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. पन्नाशीला टेकल्यावर हे काय सुचलं, म्हणालीस. पण तू आम्हाला गर्दीत नाचताना कधी बघितलं नाहीस. जोडीच्या नाचात बाई बहुतेक वेळ उलटी चालते. पुरुषाचं तोंड वाटेकडं, तिची पाठ वाटेकडं. मागं कोण आहे, कुणाची टाच आहे, ते तिनं बघायचं नसतं. तो बघतो आणि तिच्या पाठीवरच्या हातानं सांगतो. गर्दी असली की पावलं आखूड टाकायची, कोपरं अंगाजवळ ठेवायची, सगळ्यांनी एकाच दिशेनं फिरायचं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत क्रेनखाली माणसं सांभाळत ह्यांचं आयुष्य गेलं. हॉल कितीही भरलेला असू दे, ह्यांनी मला कधी कुणाचा धक्का लागू दिला नाही. आमचे सर, धवल, नव्या पोरांना सांगायचे, "काकांच्या मागं मागं राहा, कुणाला लागणार नाही."

मी डोळे मिटून चालायची. खरंच मिटून.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून धक्के लागायला लागले. मला वाटलं, क्लासात पोरं वाढलीत, बेशिस्त आहेत. हेही तेच म्हणायचे. जेवताना डावीकडचा तांब्या लवंडायचा, ते मी वयावर ढकललं.

फेब्रुवारीत क्लासचं संमेलन झालं. हॉल गच्च भरलेला. ह्यांनी मला वळवलं आणि मागं नेलं. हात नेहमीसारखाच ठाम होता. मीही नेहमीसारखी गेले आणि पाठीनं कुणावर तरी आदळले. मधुवंती होती, आमच्याच क्लासातली हसरी पोरगी. पडली ती मनगटावरच. तिची किंकाळी गाण्याच्या वर ऐकू आली.

तिचा नवरा राजवीर धावत आला. "काका, पिऊन आलाय व्हय? एवढं बाईमाणूस दिसत न्हाय?"

गाणं बंद झालं. सगळे थांबून बघायला लागले. थेंबालाही न शिवलेला माणूस गं हा. हे भांडले नाहीत. पडलेल्या पोरीकडं बघत मला एवढंच म्हणाले, "पूर्णी, ती तिथं न्हवती. मी बघितलंतं की."

मनगटाचं हाड मोडलं होतं. तिला प्लास्टर घालेपर्यंत आम्ही दवाखान्याबाहेर बसलो. मग निघालो. स्कूटर ह्यांनीच घेतली, मी मागं. कावळा नाक्याजवळ डावीकडनं एक सायकलवाला घंटी वाजवत आला. ह्यांनी त्याच्याच अंगावर गाडी घातली. तो कसाबसा वाचला.

मी म्हणाले, "थांबवा." ह्यांनी थांबवली. "किल्ली द्या." दिली. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं, आपल्याला नीट दिसत नाही हे ह्यांना आधीपासून माहीत होतं. स्कूटर तिथंच लावून रिक्षानं घरी आलो.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर गुपचूप खात येतो. गेलेली परत येत नाही, थेंब घालून उरलेली राखायची, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांना समोरचं दिसतं, पण नळीतनं बघितल्यासारखं. डाव्या अंगाला मी उभी असले तरी नसतेच. कंपनीनं क्रेनखालनं काढून ऑफिसात बसवलं, तर हे राजीनामा देऊन आले.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकदा खुर्च्या भिंतीला सारल्या, गाणं लावलं. म्हटलं, "आज मी पुढं होते. तुम्ही नुसतं माझ्याबरोबर चला." हे उठले. थोडी पावलं झाली आणि थांबले.

"काय झालं?"

"तू माझ्याकडं बघत न्हाईस."

"बघतीय की."

"न्हाय. माझ्या खांद्यावरनं रस्ता बघतीयस. तुझ्या तोंडावर भ्या हाय."

खरं होतं. मी कपाटाचा कोपरा बघत होते. ह्यांनी हात सोडला आणि चाचपत जाऊन खुर्चीवर बसले. त्यानंतर माझा हात धरलेला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही. एकटेच पुढं चालतात, आदळतात. परवा विजेच्या खांबाला खांदा लागला, तर मान न वळवता म्हणाले, "चुकलं, पावणं." मागची पोरं फिदीफिदी हसली. घरी आल्यावर हे जेवले नाहीत.

तुला म्हणून सांगते, मला ह्यांचा राग येतो. डोळे गेले त्याचा नाही. हात देत नाहीत त्याचा. आक्का, एवढ्याशा घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत चालतो, अंगाला अंग लागू नये म्हणून.

काल परत तपासणी झाली. थेंब नेमानं घालूनही उजव्या डोळ्याची नजर आणखी आकसलीय. डॉक्टर सांगत होते तेव्हा हे भिंतीवरचं ठळक अक्षरांचं कॅलेंडर मोठ्यानं वाचत बसले, एकेक वार, एकेक तारीख. मी दंडाला हात लावला तर तो झटकला. बाहेर आल्यावर म्हणाले, "शिवानीला सांग, काका आला असता."

लग्नाला मी एकटी येईन. फुलं टाकीन, पोरीला बघीन आणि दुपारच्या गाडीनं कुरुंदवाडहून परत फिरेन. मला नाचायला उठवू नकोस. मला मागं जायचीच पावलं येतात, आणि आता त्यांचीही भीती वाटते. ह्यांचं कुणी विचारलं तर ताप आलाय म्हणून सांग. ताप उतरतो, म्हणून तापच सांग.

उत्तर पाठव. पण सगळं बरं होईल, असं त्यात लिहू नकोस. हाताचं बारीक अक्षर ह्यांना आता लागत नाही, तुझं पत्र मला ह्यांना वाचून दाखवावं लागेल.

तुझीच,
पूर्णिमा