गोधडी कोण उलटवतं?

३ जून
बरेच महिने काही लिहिलं नाही, माफी असावी. कोणाची मागतोय ते कळत नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. निदान तसा समज आहे.

लेक हॉस्टेलला चालली. तिला मी स्वतः गोधडी शिवून देणार. एका बाजूला साधं करडं कापड, दुसऱ्या बाजूला तिच्या लहानपणीच्या बदकांच्या फ्रॉकचे तुकडे. कल्पना तिचीच. म्हणाली, बाबा, करडी बाजू रूममेट्सना, फ्रॉकची फक्त मला. त्यांना बदकं दिसली तर माझं काही खरं नाही.

पद्धत सोपी. प्रत्येक चौकोन कापड-कापूस-कापड असा आधीच पुरा शिवायचा. मग चौकोनांच्या ओळी, आणि ओळी पट्टीने एकमेकींना जोडायच्या. वरची पट्टी मशीनवर. मग सगळं पालथं करून खालची पट्टी हाताने तुरपायची. टेबल लहान, म्हणून झालेला भाग चादरीत गुंडाळून ठेवीन, फक्त कड बाहेर. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, अधूनमधून पसरून बघत चला. मी हसलो. पद्धतीवर विश्वास हवा.

९ जून
ओळी जोडायला लागलो. रोज संध्याकाळी एक. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. नजर लागते यावर माझा विश्वास नाही, पण सांगितलं नाही.

११ जून
गडबड आहे. कालची ओळ करडी बाजू वर ठेवून जोडली होती. आज बघतो तर बदकं वर. उसवली, सुलटी केली, पुन्हा जोडली. नवी ओळ जोडायची राहिली.

आपलीच चूक नसेल ना? प्रामाणिकपणे विचार केला. नसावी.

१२ जून
पुन्हा तेच. शिवाय पट्टीवरचे टाके माझ्यापेक्षा सरळ. एवढे सरळ टाके कोणी सहज घालत नाही. मुद्दाम घातलेत.

बायकोला विचारलं, माझ्या टेबलाला कोण हात लावतं? ती म्हणाली, तुझ्या टेबलाला धूळसुद्धा हात लावत नाही, लावला तर तू चौकशी बसवशील. उत्तर तयार होतं. संशयास्पद.

१३ जून
सासूबाईंवर पाळत. दुपारी घरी फोन केला. त्या म्हणाल्या, झोपले होते. आवाज मात्र चांगला जागा होता.

आपण संशयी झालोय का, हाही प्रश्न स्वतःला विचारला. संशयी माणूस असं विचारत नाही. म्हणजे नाही.

कालची ओळ पुन्हा उलटी केली. म्हणजे सुलटी.

१४ जून
आज लेकीच्या बोटाला पट्टी. विचारलं तर म्हणाली, सुई लागली. सुई कशाला हातात घेतलीस? म्हणाली, असंच. बिचारी. बापाचं बघून शिकावंसं वाटलं असणार. तिला सांगितलं, घरात कोणीतरी आपलं काम बिघडवतंय, लक्ष ठेव. ती म्हणाली, ठेवते.

१५ जून
गुंडाळी कपाटात. किल्ली माझ्या खिशात. आता बघू.

१८ जून
कुलूप लावल्यापासून आधीच्या ओळी तपासल्या नाहीत; किल्ली माझ्याकडे, म्हणजे एकही उलटली नसणार. सिद्ध झालं. गोधडी पूर्ण. उद्या सकाळी सगळ्यांसमोर उघडणार. घातपाती कोण ते चेहऱ्यावरून कळेलच.

१९ जून
उघडली. वरचा थोडा भाग सलग करडा. त्याखाली एक ओळ बदकांची, एक करडी, एक बदकांची, थेट शेवटपर्यंत. पालथी करून पाहिली. तिकडेही तेच, फक्त उलट. दोन्ही बाजूंनी वापरता येते, एवढं म्हणता येईल.

लेक म्हणाली, बाबा, तू तुरपायला गोधडी पालथी करतोस आणि दुसऱ्या दिवशी तशीच पालथी ठेवून तिला पुढची ओळ करडी बाजू वर करून जोडतोस. मी दुपारी ती ओळ उसवून नीट लावायचे, तू संध्याकाळी पुन्हा उलटी करायचास. मग तू कुलूप लावलंस.

मी म्हटलं, सांगायचं नाही का? म्हणाली, तू शिवताना शीळ घालायचास. किती वर्षांनी ऐकली.

सासूबाई म्हणाल्या, मी खरंच झोपले होते हो.

गाडी दुपारची होती. बाजारातून ब्लँकेट आणलं. दोन्हीकडून करडं. जाताना लेक म्हणाली, सुट्टीत आले की दोघं मिळून करू, पण तोवर तू काही दुरुस्त करू नकोस. गोधडी कपाटात ठेवली, किल्ली मागून घेतली आणि आजीकडे दिली.

उद्याचं काम: सासूबाईंकडे किल्ली मागायची नाही.