डाव्या कानातली शिट्टी

चि. अच्युतास, भोपाळहून शशीताईचे आशीर्वाद.

तू चष्मा इथेच विसरून गेलास, तेव्हा हे पत्र तुझ्या सुनंदाकडून वाचून घे. मी नात स्वरदाकडून लिहून घेते, म्हणजे फिट्टंफाट.

कानातली शिट्टी जुनीच. पंख्याच्या घरघरीत ती हरवते, झोपही लागते. पण कालपासून डाव्या कानाने कमी ऐकू येतंय. स्वरदाला म्हटलं, उजवीकडे बस, तिकडे उजेड चांगला आहे. पोरीने लगेच ओळखलं.

“आजी, शिट्टी सोसता येते, पण ऐकणं अचानक कमी झालं तर थांबायचं नसतं.”

हे पत्र संपलं की कानाच्या डॉक्टरांकडेच निघतोय. काळजी करू नकोस. मी करतेय तेवढी पुरे.

तुझ्याही कानात गुणगुणतं ना? दाखवलंस का?

सांडगे पाठव, कडक वाळलेले. तळून खाताना मला ते दोन्ही कानांनी ऐकायचे आहेत.