सतरा नंबरचा खांब

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दिसली!

रात्रीच्या आभाळाच्या एकट्या फोटोत काहीच नसतं. नुसतं राखाडी धुकं — पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांचा उजेड, दुकानांचा उजेड, मी स्वतः लावलेल्या दिव्यांचा उजेड. आठ वर्षं ठेकेदाराकडे रस्त्यावरचे दिवे बसवतोय. ताहेरा म्हणते, "दिवसा आभाळ बिघडवायचं आणि रात्री त्याचेच फोटो काढायचे." बायको खोटं बोलत नाही.

पण आज एकेक मिनिट उजेड साठवत घेतलेले शंभर फोटो लॅपटॉपनं एकावर एक रचले आणि धुक्यातून एक भोवरा वर आला. एम एक्कावन्न दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच एक. दोन हात, मध्ये उजळ ठिपका. हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता! अडीच-तीन कोटी वर्षं चालत राहिला आणि येऊन थांबला कुठे — आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या कॅमेऱ्यात.

ताहेराला उठवलं. "आपल्या गच्चीवरून?" लॅपटॉपवर वाकून पाहिलं. मग हळूच, "सुभानअल्लाह."

२५ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहितो. मागच्या बोळातला सतरा नंबरचा खांब जानेवारीपासून बंद आहे. तक्रारीचा कागद माझ्याकडेच आला. मी शेरा मारला — "पार्ट नाही." पार्ट आहे. गाडीतच पडलाय. पण तो दिवा लागला की त्याचा उजेड थेट आमच्या गच्चीवर पडतो. चांगल्या चित्राला वीस तासांचे फोटो हवेत. मार्चच्या अमावस्येपर्यंत होतील. मग लावतो.

६ मार्च

पाचवा रोजा. संध्याकाळी सुभद्राबाई भेटल्या. बोळात पलीकडे घर त्यांचं, इथलं जुनं शेतकऱ्याचं घर.

"नदीम, खांबाचं काय झालं रं? सून चाकणवरनं सेकंड शिफ्ट करून येती. रातचं काय बी दिसत न्हाई."

"पार्ट यायचाय, मावशी."

"व्हय का? बघ बाबा. तुज्याच हातात हाय."

माझ्याच हातात आहे! रोजा ठेवून खोटं बोललो.

१३ मार्च

चंद्र मोठा. फोटो बंद. तरी दिवा लावला नाही.

२४ मार्च, पहाट

अकरा तास झाले. काय दिसतंय हे!

भोवऱ्याचे हात आता पार टोकापर्यंत उलगडलेत. एका हाताच्या शेवटी दुसरी छोटी दीर्घिका अडकलीय, मोठी तिला ओढतेय. दोघींच्या मध्ये उजेडाचा पूल. आणि मागे चार-पाच बारीक पुसट डाग. आधी वाटलं, लेन्सवर धूळ. मग वाटलं, तारे. नकाशाशी ताडून पाहिलं — दीर्घिका! प्रत्येक डाग म्हणजे एक दीर्घिका. हिच्याहून कितीतरी लांब. एकेकीत अब्जावधी सूर्य, आणि मी धूळ म्हणून पुसायला निघालो होतो.

बारीक लाल दिव्यात — तो फोटोंना बाधत नाही — खुर्चीत बसूनच राहिलो. रोज्याआधीची सहेरी चुकायला आली तेव्हा ताहेरानं जिन्यातून हाक मारली.

२६ मार्च, पहाटे चार

काल रात्री पाऊण वाजता बोळातून किंकाळी आली. धावत उतरलो. वर्षालीताई — सुभद्राबाईंची सून. गटाराचं झाकण फुटलेलं, अंधारात पाय आत गेला आणि त्या हातावर पडल्या. रिक्षा. दवाखाना. मनगट मोडलंय.

रिक्षात दात आवळून म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही जागे होता, नदीमभाऊ. मोठ्या रस्त्यानं पण येता येतं, वळसा पडतो. पण गच्चीवर तुमचा तो लाल दिवा दिसतो ना रोज. वाटतं, वर कुणीतरी आहे. म्हणून मी बोळातनंच येते."

मी हातातली त्यांची पर्स नुसती घट्ट धरली.

परत आलो. वर गच्चीवर कॅमेरा आपला आपण फोटो काढतोच आहे.

२६ मार्च, दुपार

दिवा लावला. दहा मिनिटं लागली.

२९ मार्च, अमावस्या

गच्चीवर माझीच सावली पडते आता. वीस तास काही होणार नाहीत. तेरा तासांवर चित्र पुरं केलं.

त्या रात्रीचे फोटो — मी दवाखान्यात असतानाचे — टाकून देणार होतो. उघडून पाहिले. सगळ्यांत स्वच्छ तेच निघाले. त्या उजेडाला काय ठाऊक, खाली कोण पडलंय! ठेवले. बरोबर केलं का, माहीत नाही.

चित्र पाहिलं की अजून श्वास अडकतो. वाटलं होतं, एवढ्या अफाटापुढे माझी लाज लहान होईल.

झाली नाही.

३१ मार्च, ईद

शीरखुर्म्याचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. पार्ट होता. दोन महिने गाडीत होता. कशासाठी, तेही सांगितलं.

सुभद्राबाई म्हणाल्या, "आन् मी तुला इचारलं व्हतं की रं."

वर्षालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या. डबा माझ्या हातातच राहिला.

ताहेराला सांगितलं. ती म्हणाली, "आज सांगितलंत ते बरं केलंत. पण उशीर केलात."

२ एप्रिल

रात्री नऊला दार वाजलं. वर्षालीताई. हात गळ्यात बांधलेला.

"वर चला. काय बघत होता ते मला बघायचंय."

म्हटलं, इथून नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, ताई. त्यात आता दिवा लागलाय. पूर्वीपेक्षा दुप्पट तास लागतील, रोज थोडं थोडं जमवावं लागेल.

जिना चढल्या. खुर्ची ओढली, बसल्या.

"जमवा. मला महिनाभर सुट्टीच आहे."