वाडीला घेतलेली शपथ

अण्णा, आज शेजारीण आली होती. नवऱ्याला नृसिंहवाडीला नेऊन दारू सोडायची शपथ घालायची म्हणते, आणि सोबत मी हवी. "तुमच्या वडलांनी मरस्तोवर पाळली न्हवं?" म्हणाली. मी चहा टाकायला उठले आणि साखर न घालताच कप तिच्यापुढे ठेवला. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला कळत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही गुळव्या. काहिलीत उकळणारा उसाचा रस नेमका कधी उतरवायचा, ते तुम्ही सांगायचं. थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायचात, आणि सगळं गुऱ्हाळ तुमच्या तोंडाकडे बघत थांबायचं. हात थरथरू नये म्हणून सकाळी दोन घोट लागायचे. मालकच आणून द्यायचा, त्याचा गूळ बिघडायला नको ना! पुढे दोन घोटांची बाटली झाली आणि घरी आईच्या पाठीवर वळ उठायला लागले. मी एकोणीस वर्षांची होते. एका गुरुवारी मीच तुम्हाला एसटीत बसवलं, वाडीला दत्ताच्या पादुकांसमोर उभं केलं. "परत शिवलो तर माझ्या लेकीचं वाईट हुईल," असं तुम्ही हात जोडून म्हणालात. मला केवढं जिंकल्यासारखं वाटलं होतं.

शुक्रवारी हात कापायला लागले. शनिवारी दुपारी भिंतीवर मुंग्या चढल्यात म्हणून तुम्ही टॉवेलनं भिंत झाडताय, अंग घामानं निथळतंय. "मला डाक्टरकडं ने गं पोरी, कायतरी बिघडलंय." डॉक्टरांच्या गल्लीतच गुत्ता होता. "सगळी नाटकं हायत," असं मी आईला म्हणाले आणि बाहेरून कडी घातली. आई पुटपुटली, "देव परीक्षा बघतोय." तुम्ही पुन्हा हाक मारलीत. "उद्या नेऊ की!" मी दारातूनच ओरडले. रविवारी सकाळी तुम्हाला झटके आले, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गेल्या वर्षी दवाखान्यातल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकदम थांबू नये, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध घेऊन सोडायची. इतकं साधं होतं! मग तुम्हाला कुणी मारलं, दारूनं, शपथेनं की माझ्या कडीनं? आईची पाठ आठवली की मला तुमचा अजूनही राग येतो. मग आठवतं, त्या तीन दिवसांत तुम्ही दारू एकदाही मागितली नाहीत, फक्त डॉक्टर मागितला. माझं वाईट होऊ नये म्हणून? की हे मीच आपलं मनाशी जुळवते आहे?

शेजारणीला म्हटलं, आधी डॉक्टर, मग वाडी. "का वो?" तिनं विचारलं. "असंच," मी म्हणाले. उद्या सकाळी तिच्या नवऱ्याला घेऊन आम्ही दवाखान्यात जाणार आहोत. तिला कडीचं सांगेन की नाही, माहीत नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, राहील डब्याखालच्या कागदात. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला उचलताना लोक म्हणाले, "गडी शपथ पाळून गेला." तेव्हा रडता रडता मला तुमचा अभिमान वाटला होता, आणि थोडा माझाही.