तारीख टळता कामा नये

बडोदे, १२ एप्रिल २००६

चि. अवंतीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

ऑपरेशननंतर दादा आता काठी न घेता चालतो, हे वाचून जीव भांड्यात पडला. लोणचं मात्र बंद, बहिणीचा हुकूम आहे म्हणावं. तू त्याच्यासाठी देवासला गेल्यापासून इथलं गोत्रीचं घर सुनं वाटतं. सकाळी चहा अजून सवयीने आपल्या दोघींचाच टाकला जातो.

तुझ्या विद्यार्थी क्रेडिट कार्डाची मुदत संपली होती ना, नवं कार्ड टपालाने आलं. मागच्या पट्टीवर तुझी सही व्हायची आहे, म्हणून देवघरातल्या फडताळात ठेवलंय. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या तबकात जुनं कार्ड ठेवून मी हळदकुंकू वाहिलं, तेव्हा खुदकन हसली होतीस. पण दोन वर्षं मर्यादेच्या चौथाईतच खर्च केलास, दर महिन्याचं बिल पूर्ण भरलंस, म्हणून तर बँकेत तुझ्या नावाला पत आली! अलकापुरीच्या बँकेत तीस वर्षं काढलेली बाई सांगते आहे: ‘किमान रक्कम भरा’ या ओळीला भुलायचं नाही आणि तारीख टळता कामा नये.

आमच्या लेकाने, अनुपने छाणीच्या वर्कशॉपसाठी लेथ मशीन घ्यायचं काढलं आहे. पैशांचं विचारलं की ‘थई जशे’ म्हणतो, होत काहीच नाही. असो. तुझं टपाल मी बघते, तू निर्धास्त राहा.

तुझी वाट पाहणारी,
वत्सलाआत्या

देवास, ४ सप्टेंबर २००६

ती. वत्सलाआत्यास सा. न. वि. वि.

फोनवर आवाज चढेल, म्हणून लिहिते. अहमदाबादला डिझाइनची जागा मिळाली, पण बँकेने शैक्षणिक कर्ज नाकारलं. बाबांची पेन्शन औषधांत जाते, कर्ज माझ्याच नावावर मिळायचं होतं. कारण विचारलं, तर माझ्या कार्डाचं बिल तीन महिने थकलं आहे म्हणाले. मी ते नवं कार्ड डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही.

मग त्यांनी पावतीची नक्कल दाखवली. छाणीच्या मशीनच्या दुकानाची, खाली माझी सही. मॅनेजर म्हणाले, हुबेहूब तुमचीच आहे. असणारच. दर उन्हाळ्यात माझा हात धरून अक्षरं गिरवून घेतलीस ती तूच ना?

आत्या, दुसऱ्या कोणी हे केलं असतं, तर पहिला फोन मी तुलाच केला असता.

सही माझी नाही आणि संशय कोणावर आहे, हे अठरा तारखेपर्यंत लेखी द्यायचं आहे. नाहीतर थकबाकी माझीच ठरते. खरं काय ते कळव.

तुझीच,
अवंती

बडोदे, ९ सप्टेंबर २००६

चि. अवंतीस आशीर्वाद.

सही मी केली. अनुपचा इसार बुडत होता, लहान मुलासारखा रडला गं. पंधरा दिवसांत भरतो म्हणाला. पहिल्या महिन्यात किमान रक्कम भरली, पुढे तीही जमेना. बिलाची पाकिटं फोडायचाही धीर झाला नाही. तुला सांगायला दोनदा फोन केला आणि दादाची चौकशी करून ठेवला.

मशीन विकून पैसे भरतो आहोत. पण तक्रार देऊ नकोस, बाळा. अनुपचं लग्न ठरतंय. जागा पुढच्या वर्षी मिळेल, घराची अब्रू गेली की परत येत नाही. ‘कार्ड माझ्या संमतीने वापरले’ असा कागद सोबत आहे. सही करून पाठव. रक्ताच्या नात्यात एवढं पोटात घालावं लागतं.

आत्यावर माया राहू दे.
वत्सलाआत्या

देवास, १८ सप्टेंबर २००६

ती. वत्सलाआत्यास सा. न.

कागद पोचला. खाली माझं नाव तू पेन्सिलने आधीच लिहून ठेवलं आहेस. मी फक्त गिरवायचं, लहानपणी गिरवायचे तसं. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, ते त्या अक्षरांकडे पाहून कळलं. पैसे भराल, पण दोन वर्षं जपलेलं नाव माझं होतं, आणि ते मी तुझ्या भरवशावर सोडून आले होते.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तुझं एप्रिलचं पत्र मागून घेतलं, वाचलं आणि घडी घालून परत दिलं. जेवले नाहीत.

चौकशीला वेळ लागेल, तोवर जागा बहुधा जाईल. तरीही तक्रारीची आज शेवटची तारीख होती, आणि तारीख टळता कामा नये हे तू माझ्या हाडीमासी भिनवलं आहेस. बँक उघडल्याबरोबर तुझ्या नावासकट देऊन आले.

बाबांचे आशीर्वाद लिहू का, हे मी त्यांना विचारलं नाही.

अवंती