प्रेशर नसताना प्रेशरची गोळी

तलासरी, १२ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. मधुमेहाने माझी किडनी धरली, हे तुला ठाऊक आहेच. तुमच्या डहाणूच्या किडनीच्या डॉक्टर सावे यांनी गोळी दिली. घरी येऊन पाकीट वाचलं तर ती प्रेशरची! मला प्रेशर कुठे आहे? दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी माझ्या हाती आली म्हणायची. शेजारच्या जमनाबेनला प्रेशर आहे, तिला पाकीट देऊन टाकलं. वाया कशाला घालवायचं? डायलिसिसचं नुसतं नाव निघालं तरी मात्र मी उठून जाते.

माया असू दे.
तुझी वसू

डहाणू, १९ जानेवारी २०२५

चि. वसूस,
अनेक आशीर्वाद.

शाळेत खाऊ वाटायचीस, आता औषधं वाटतेस काय? आधी ते पाकीट जमनाबेनकडून परत घे. डॉक्टरांना जाब विचारायला मीच गेलो आणि सगळं समजून घेऊन परत आलो. हाताला पट्टा बांधून मोजतात ते प्रेशर वेगळं. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. मधुमेहाने त्यांच्यावर आतून जोर पडतो आणि अंगातलं प्रोटीन लघवीतून गळतं. ही गोळी तो जोर उतरवते. लाखो गाळण्या, वसू, आणि मुठीएवढ्या जागेत! रेल्वेत जन्म काढला, पण असलं यार्ड पाहिलं नाही. गेलेली किडनी परत येत नाही, उरलेली मात्र पुष्कळ टिकवता येते, म्हणाल्या. गोळी सुरू कर आणि दोन आठवड्यांनी रक्त तपास.

लोभ आहेच, ऐकशील तर वाढेल.
सूर्यकांतदादा

तलासरी, ३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गोळी सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की वाढतं ते, थोडं चढलं, तेव्हा मी हादरले होते. एवढं चढणार हे धरूनच चाललोय, बंद करू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. खरं नवल पुढेच. जूनमध्ये त्यांचा स्वतःचा फोन आला. ही गोळी सोसेल तितकी वाढवत न्यायची, असा नियम आहे म्हणे. आपण तो पाळतो का, हे बघायला त्यांनी आपलेच पेशंट एकेक करून तपासले, तर बरेच जण पहिल्याच छोट्या डोसवर राहिलेले निघाले. त्यात मीही. राहून गेलं, चूक माझी, असं त्या सरळ म्हणाल्या. मी थक्क झाले, दादा. डोस वाढवला आणि लघवीतलं प्रोटीन निम्म्यावर आलं. डायलिसिस अजून लांब आहे म्हणतात.

काल दवाखान्यात वरोर गावची नवशी नावाची एक पेशंट शेजारी बसली होती. तिचं डायलिसिस सुरू झालंय. ‘तुमचाही डोस वाढवायचा राहिला, फोन करायला मला उशीर झाला,’ असं डॉक्टरांनी तिलाही सरळ सांगितलेलं. मला वाटलं, ही भांडायला आली असेल. ती मधुमेह असलेल्या लेकीला घेऊन आली होती, लघवी वेळेत तपासायला, याच डॉक्टरांकडे.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी वसू