शिवेचं ढेकूळ

५ जानेवारी, सोमवार

पोचलो एकदाचा. प्रतिक्षानं ही डायरी पिशवीत कोंबताना बजावलंय की रोज लिहायचं, ती इथं आली की वाचणार, आणि 'आज विशेष काही नाही' एवढंच लिहिलेलं सापडलं तर बायको विसरायची. म्हणून सविस्तर लिहितो बाई.

साइट सोलापूरहून दुधनीला जाणाऱ्या रस्त्याला, थोडी आत. काळं रान जेसीबीनं सपाट करून चुन्याच्या रेघा मारल्यात. कमानीवर 'सिद्धेश्वरी नगर' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. कमान आलीय, नगर यायचंय. ऑफिस म्हणजे निळा कंटेनर. पुढं टेबल-खुर्च्या, मागं माझी खाट आणि एक खिडकी. खिडकीतून पलीकडच्या रानातली ज्वारी दिसते. हुरडा तयार झालाय, वास इथवर येतो.

मालक गुरुशांतअण्णा. पांढरे कपडे, फोनवर कन्नड, माझ्याशी मराठी. पहिल्याच चहाला त्यांनी शिकवलं की गिऱ्हाइकाला जमीन विकायची नसते, तो त्यात लावणार असलेला आंबा विकायचा. माणूस बेरकी आहे, पण मला आवडला.

काम सोपं. लोक आले की फिरवायचं, चहा पाजायचा, बुकिंग घ्यायचं. सगळे प्लॉट गेले की कमिशनऐवजी कोपऱ्यातला प्लॉट माझा. तो प्रतिक्षाच्या नावावर करायचं ठरलंय. आमच्या घरात आजवर कुणाच्या नावानं सातबारा निघालेला नाही. आजोबा ज्ञानबा जेऊरच्या शिवेचे जाणकार. दोन गावांत हद्दीचा तंटा लागला की आमच्या माणसाला पुढं घालायचे, तो चालेल ती शीव. शीव आम्ही सांगायची आणि शिवेच्या आत हातभर जमीन आमची नसायची. आता होईल.

७ जानेवारी, बुधवार

इथं एक म्हातारी आहे, रत्नम्मा. रोज सकाळी येऊन दक्षिणेकडच्या हद्दीच्या दगडाजवळ बसते. आधी वाटलं शेळ्या राखते, पण शेळी एकही नाही. विचारलं तर म्हणाली, हितं आमची माणसं बसल्यात, म्हणून मी बी बसते. माणसं कुटं दिसंनात म्हटल्यावर हसली आणि मला मूठभर शेंगा दिल्या.

अण्णांनी मग उलगडा केला. म्हातारीच्या लोकांत मयत बसवून पुरतात, पुष्कळदा स्वतःच्याच रानात. रत्नम्माचा नवरा मल्लप्पा, सासरा, आणखी कोण कोण तिकडं बसलेत. दिरानं रान अण्णांना विकलं, पण ती बांधाकडची पट्टी सोडून. ती पट्टी दगडाच्या पलीकडं आहे, असं अण्णा म्हणाले. म्हातारीचं म्हणणं, दगड सरकवलाय.

मी दगडापाशी जाऊन आलो. दगडाच्या अलीकडं, म्हणजे आपल्या बाजूला, माती नुकतीच ओढल्यासारखी होती आणि त्यात भस्माचे पांढरे पट्टे असलेला एक धोंडा अर्धा गाडलेला होता. शेजारी कोपऱ्यातला प्लॉट. माझा. मी अण्णांना काही विचारलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

म्हातारी धंदा बसवणार. दोन पार्ट्या तिच्याशी बोलून परत गेल्या.

अण्णांनी आज तोडगा काढला. जुन्या काळी हद्दीचा वाद मिटवायला एक माणूस डोक्यावर तिथल्याच मातीचं ढेकूळ घेऊन शीव चालायचा आणि म्हणायचा, इथपर्यंत माझी. रविवारी गिऱ्हाइकांना हुरडा खायला बोलवायचं, त्यांच्यासमोर कुणीतरी तसं चालायचं आणि व्हिडिओ काढायचा. कुणीतरी म्हणजे मी. तुमच्या लोकांचा शब्द शिवेवर चालायचा, असं अण्णा कौतुकानं म्हणाले. मला राग आला आणि हसूही आलं. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, भुताखेताचं तर नावच काढायचं नाही. ढेकूळ म्हणजे माती. होय म्हटलं.

११ जानेवारी, रविवार

छान झाला कार्यक्रम. हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. लोक पोट धरून जेवले.

ढेकूळ मी दगडाजवळचंच घेतलं, तिथली माती घट्ट होती म्हणून. डोक्यावर ठेवून अनवाणी चाललो. चारी कोपऱ्यांवर थांबून म्हणालो, इथपर्यंत माझी. कंपनीची म्हणायचं होतं, पण अण्णांनी सांगितलं की 'माझी' म्हटल्याशिवाय मजा नाही. दक्षिणेच्या दगडापाशी रत्नम्मा उठून उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देणार. ती फक्त वाटेतून बाजूला झाली. आजोबा काय म्हणाले असते, असं एकदा मनात आलं. ते तिथंच सोडलं.

बुकिंग धडाधड झाली. अण्णांनी ते ढेकूळ ऑफिसच्या टेबलावर लाल कापडावर मांडलंय, येणाऱ्याला दाखवायला. प्रतिक्षाला व्हिडिओ पाठवला. तिनं पाचपन्नास वेळा पाहिला असणार, कारण माझं म्हणणं तीच मला पाठ म्हणून दाखवत होती.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळपासून पायांना मुंग्या. काल अनवाणी चाललो त्याचं फळ. डोकं जड आहे. भांग पाडला तर कंगव्यातून काळी माती निघाली. दोनदा डोकं धुतलं, तरी निघतेच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. अण्णा सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापुरात. मी इथंच. प्रतिक्षानं पाठवलेला तिळगूळ खाल्ला.

संध्याकाळी चप्पल काढली तर तळव्यात बाभळीचा काटा, मुळापर्यंत गेलेला. कधी रुतला कळलं नाही. ओढून काढला, तेही कळलं नाही. रक्त आलं नाही. भोकातून थोडी माती आली, मी ती पुसली आणि झोपलो. घाबरायला हवं होतं. मी नुसता बघत होतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

अक्कलकोटला डॉक्टरला दाखवलं. साखर नाही. ताकदीच्या गोळ्या दिल्या. मोटरसायकलवरून जाताना जीव कासावीस झाला, साइटवर परत आल्यावर बरं वाटलं. आता गुडघ्यापर्यंत काही कळत नाही. पाय चालतात, पण ते चालतात आणि मी वर बसून असतो.

बसलं की बरं वाटतं. मांडी घालून, ताठ. गिऱ्हाईक आलं तरी उठावंसं वाटत नाही.

१८ जानेवारी, रविवार

रत्नम्मा आज कंटेनरमध्ये आली. माझी मांडी बघितली आणि दारातच थांबली. मग जवळ येऊन कपाळाला भस्माची बोटं ओढली, मांडीवर बेलाचं पान ठेवलं. आमच्यात हे चालत नाही असं सांगायचं होतं. सांगितलं नाही. तिचे हात गार होते की माझं कपाळ, ते ठरवता आलं नाही.

तिनं मला कसलाही शाप दिलेला नाही, तिनंच सांगितलं. म्हणाली, तू बोललास की माझी म्हनून. मातीनं ऐकलं बाबा. ती तुजी, तर तू तिचा. दुसरा कुनी चालला असता तर तिनं मनावर घेतलं नसतं. तुमच्या माणसाचा शब्द तिला ठाऊक हाय.

उपाय आहे म्हणाली. तेच ढेकूळ डोक्यावर घेऊन, उलटं, आपल्या पायानं सगळी शीव चालायची. चार माणसांत म्हणायचं की ही शीव खोटी आहे. आणि जिथलं ढेकूळ तिथं ठेवायचं.

मी विचार केला. शीव खोटी म्हटलं की कोपऱ्यातला प्लॉट गेला. शुक्रवारी नोंदणी आहे. ती होऊ दे, मग चालतो. असं तिला सांगितलं. ती दाराकडं वळली. जाताना म्हणाली, पाय हायत तवर चाल.

२० जानेवारी, मंगळवार

कमरेपर्यंत आलं.

अण्णांच्या ड्रायव्हरनं उचलून गाडीत घातलं, सोलापूरला दवाखान्यात नेतो म्हणाला. कमान ओलांडली आणि श्वास बंद झाला. तोंडात माती आली, गाल भरून. त्यानं घाबरून गाडी मागं घेतली. कमानीच्या आत आल्यावर श्वास लागला. मला परत खाटेवर मांडी घालून बसवलं. पाय सरळ करायला गेला तर होईनात.

प्रतिक्षाला फोनवर थोडा ताप आहे असं सांगितलं. रविवारी येते म्हणाली. नको म्हटलं. तर म्हणाली, माझी जमीन बघायला मला कोण अडवतंय बघतेच.

२१ जानेवारी, बुधवार

आता चालणार होतो. नोंदणी गेली खड्ड्यात. प्लॉट नको, काही नको. मला घरी जायचंय.

खाटेवरून खाली पडलो. हातानं सरकत दारापर्यंत गेलो, ढेकूळ काखेत धरून. रत्नम्मा बाहेर होती. तिनं मान हलवली. आपल्या पायानं, म्हणाली. ती रडत होती. मला रडू आलं नाही.

अण्णांनी परत उचलून बसवलं. ढेकूळ लाल कापडावर ठेवलं. नीट पुसून.

२२ जानेवारी, गुरुवार

अण्णांना सांगितलं की शीव खोटी आहे, तुम्हाला माहीत आहे, मलाही पहिल्या आठवड्यात कळलं होतं. नोंदणी थांबवा. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, तुला ताप आहे, पड जरा.

मी पडू शकत नाही. नुसता बसू शकतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

नोंदणी झाली. सगळे प्लॉट. अण्णांनी पेढा तोंडात घातला. गोड लागला नाही. मातीच लागली.

कोपरा प्रतिक्षाच्या नावावर. अण्णा शब्दाला पक्के.

२४ जानेवारी, शनिवार

छाती. जीभ जड. हात अजून माझा आहे, उजवा. डायरी मांडीवर.

प्रतिक्षाला फोन लावला. तिनं चारदा हॅलो केलं. माझ्याकडून आवाज नाही —

भीती कुठं गेली कुणास ठाऊक. ती यायला नको, एवढंच आहे आत. बाकी भरलंय.

२५ जानेवारी, रविवार

आली. हिरवी साडी, डब्यात धपाटे. आधी घाबरली. अण्णांनी समजावलं, अशक्तपणा आहे, उद्या मोठ्या डॉक्टरला आणतो. तिनं तोंड पुसलं माझं. कपाळावरचं भस्म बघून म्हणाली, हे कधीपासून, आणि हसली. मी बोलत नाही म्हणून रुसली. मग मांडीवरची डायरी बघितली. आल्यावर वाचते म्हणाली.

आल्यावर म्हणजे —

अण्णांनी तिला सांगितलं, जमीन बाईंच्या नावावर, बाईंनीपण एकदा चालायला पाहिजे. नवा व्हिडिओ. ती लाजली. तिला पाठ आहे सगळं.

टेबलावरचं उचललं. माझ्यासमोरून. हात पुढं केला मी, केला असं वाटलं —

खिडकीतून दिसतेय. चपला काढल्या. रत्नम्मा धावतेय तिच्याकडं, ड्रायव्हरनं तिला धरलं —

पहिला कोपरा. ओठ हलतात तिचे. माझी म्हणते.

दुसरा —

बोटं जातायत. अक्षर

प्रतिक्षा उलटी फीर. आत्ताच. पाय हायत तवर. ती शीव खोटी, ती आपली न्हाय, मी खोटं बोललो, आप